विसावं माणूस

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. जेवणाची सुट्टी असणार, कारण मागं मशीनचा आवाज नव्हता. म्हणाला, "मावशी, विसावं माणूस घेतलं की पीएफ लागतंय म्हणत्यात. खरं काय?"

त्याचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, दोन व्हीएमसी आणि अठरा माणसं. नवीन काम मिळालंय, दोन पोरं घ्यावी लागणार आहेत. मित्रानं सल्ला दिलाय की एकोणीसवर थांब, वरची माणसं ठेकेदाराच्या नावावर दाखव, कोण बघतंय.

मी ३२ वर्षं एका फौंड्रीत पगारपत्रक केलं. १९८९ ला टाईम ऑफिसात लागले आणि २०२१ ला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर बाहेर पडले. कोण बघतंय हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर चिडणंही सोडून दिलंय. भाच्याला फोनवर पाऊण तास सांगितलं. तो हूं हूं करत होता, पण त्याच्या डोक्यात निम्मंसुद्धा शिरलं नाही हे मला कळत होतं. म्हणून इथं सावकाश लिहिते. त्याच्यासारखे आणखी असतील. त्याच्याकडे कामाला असलेल्या पोरांसारखे तर कितीतरी.

कलमांचे आकडे मी जुनेच सांगणार, तेच पाठ आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता आल्या, आयकराचा नवा कायदाही १ एप्रिल २०२६ पासूनचा. नंबर बदलतात, पीएफ भरायची पंधरा तारीख चुकली की पोटात यायचा तो गोळा बदलत नाही.

आधी विसाव्या माणसाचं. १९५२ च्या पीएफ कायद्यात वीस माणसं म्हणजे कायम, तात्पुरती, रोजंदारीची आणि ठेकेदाराकडून आलेली, सगळी धरून वीस. ठेकेदाराच्या नावावर दाखवलेली दोन पोरं तुझ्याच मशीनवर उभी असतील तर ती तुझ्याच आकड्यात मोजली जातात. ठेकेदारानं त्यांचा पीएफ भरला नाही तर तो मूळ मालकानं भरायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वसूल करत बसायचं. आमच्याकडे फेटलिंगचं, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायचं, काम ठेक्यावर होतं. त्या ठेकेदाराचं बिल मी त्याच्या पीएफच्या चलनाची प्रत हातात पडल्याशिवाय पुढं सरकवत नसे. तो मला पाठीमागं काय म्हणायचा ते मला माहीत आहे, इथं लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक, जे मित्र सांगत नाहीत. एकदा कायदा लागू झाला की पुढं माणसं पंधरावर आली तरी तो लागूच राहतो. म्हणजे एकोणीस-वीसचा झोका खेळण्यात काही अर्थ नाही.

आता बारा टक्के. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून समज एखाद्याचा पगार १४,००० आहे. त्याच्या पगारातून १,६८० कापायचे. ते सगळे त्याच्या पीएफ खात्यात. मालकाचेही १,६८०, पण ते दोन वाटांनी जातात. ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शनला. उरलेले ५१४ पीएफला. शिवाय मालकानं वेगळे अर्धा टक्का विम्याला आणि अर्धा टक्का प्रशासनखर्चाला भरायचे. चलनावर यांची खाती असतात: एक नंबर पीएफ, दहा नंबर पेन्शन, एकवीस नंबर विमा, दोन नंबर खर्च. लोकांना मुलांचे वाढदिवस लक्षात राहतात तसे मला हे नंबर राहिलेत. मुलीचा वाढदिवस मी एकदा विसरलेही होते, कारण तो पंधरा तारखेला येतो.

पेन्शनच्या वाटेला कमाल मर्यादा आहे. पगार कितीही असो, पेन्शनचा हिस्सा ठरावीक पगारावरच. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० होती, म्हणून पेन्शनला जास्तीत जास्त ५४१ रुपये जायचे. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली आणि ५४१ चे १,२५० झाले. ज्यानं पगारपत्रक केलंय त्याला रात्री झोपेतून उठवून विचारा, तो ५४१ आणि १,२५० सांगेल.

या आकड्यांमुळेच माझी स्वतःची पेन्शन आज चार हजारांच्या आसपास आहे. शेजारच्या बाई, त्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्या, त्यांना वाटतं मी खोटं सांगते. खोटं नाही हो. १९९५ ची योजना, पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. त्यातही सप्टेंबर २०१४ च्या आधीची वर्षं जुन्या ६,५०० वर धरतात. पेन्शनीत आलेल्या पैशातून एवढंच येणार. म्हणून मी पोरांना नेहमी सांगायचे, नोकरी सोडली की पीएफ काढून मोटरसायकल घेऊ नका, नवीन ठिकाणी बदलून घ्या. पेन्शनला दहा वर्षं लागतात, आणि सलग पाच वर्षं व्हायच्या आधी काढलं तर त्यावर कर लागतो. ऐकलं किती जणांनी? मोटरसायकली बऱ्याच आल्या गेटवर.

आता मला खरं सांगायचंय ते.

ही दोन बारा टक्के दिसायला सारखी आहेत. पण मालकाचं बारा टक्के हे मालकाचं देणं आहे, जसं विजेचं बिल. कामगाराचं बारा टक्के हे देणं नाहीच. तो पैसा मालकाचा कधी झालाच नाही. पगार कामगाराचा झाला, त्यातून काढून मालकाच्या हातात दिला, फक्त पंधरा तारखेपर्यंत पोचवायला. शेजाऱ्यानं गावाला जाताना किल्ली दिली म्हणून घर आपलं होत नाही.

२०१२ साली आमच्या फौंड्रीत ही किल्ली वापरली गेली.

त्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले होते. ९६ माणसं, दोन्ही हिस्से आणि खर्च धरून पीएफचं चलन महिन्याला सुमारे १ लाख ६० हजारांचं. जुलैचं चलन मी ऑगस्टमध्ये तयार करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "ताई, आठ दिवस थांबा." तेव्हा पंधरा तारखेनंतर पाच दिवसांची सवलत असायची, ती नंतर २०१६ ला गेली. वीस तारीख आली, गेली. ऑगस्टचं चलन, सप्टेंबरचं, ऑक्टोबरचं. चार चलनं माझ्या ट्रेमध्ये एकावर एक.

पगार मात्र वेळेवर होत होता. आणि दर पगाराच्या कागदावर मी छापत होते: भ. नि. नि. (म्हणजे पीएफच) कपात, ७८०. माणसं तो कागद घेऊन खिशात घालत होती. तेव्हा मोबाईलवर पासबुक बघायची सोय नव्हती, यूएएन, म्हणजे माणसाचा पीएफचा कायमचा नंबर, २०१४ ला आला. पैसे पोचलेत की नाही हे आमच्या माणसांना वर्षाच्या पावतीवरच कळायचं, तीही उशिरा यायची. म्हणजे त्या चार महिन्यांत आमच्या गेटच्या आत ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. साहेब, बाहेरून येणारे सीए आणि मी.

नोव्हेंबरात फेटलिंगमधले एक मामा आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. पीएफमधून उचल पाहिजे होती. तेव्हा लग्नासाठी सात वर्षांच्या सभासदाला स्वतःच्या हिश्श्यातून निम्म्यापर्यंत मिळायची, मामांची तर अठरा वर्षं झाली होती. फॉर्म ३१ भरला, अंगठा नव्हे, सही केली त्यांनी, हळूहळू, जीभ दाताखाली धरून. तेव्हा असा प्रत्येक फॉर्म मालकाच्या सही-शिक्क्यानं जायचा. मी तो साहेबांकडे नेला. साहेब म्हणाले, "हा आत्ता पाठवू नका. पीएफ ऑफिसचं आपल्याकडे लक्ष जाईल."

तो फॉर्म माझ्या खणात अकरा दिवस होता. मामा दुपारच्या सुट्टीत खिडकीशी यायचे. "ताई, कधी येणार ओ पैसं?" मी म्हणायचे, पाठवलाय, चाललंय काम. हे मी म्हणाले. साहेबांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, ते माझं मीच बोलले.

अकराव्या दिवशी मी एक कागद घेऊन आत गेले. एका बाजूला चार महिन्यांचा हिशोब मांडला होता. उशिराच्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज पीएफ कायद्याच्या कलम ७-क्यू खाली, वर १४-बी खाली दंड, तेव्हा तो उशिराप्रमाणे ५ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत चढत जायचा. (आता सरसकट महिन्याला एक टक्का केलाय, २०२४ पासून.) दुसऱ्या बाजूला भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ चं स्पष्टीकरण मराठीत लिहून काढलं होतं. त्यात स्पष्ट होतं की मालकानं कामगाराच्या पगारातून पीएफचा हिस्सा कापला की ती रक्कम त्याच्याकडे विश्वासानं सोपवलेली समजायची, आणि भरली नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी भीड म्हणून लिहीत नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर गाडी काढून स्वतः जायचे. ते म्हणाले, "ताई, व्याज आपण देणार आहोतच ना? बँकेचं ओव्हरड्राफ्ट घेतलं असतं तरी व्याज दिलंच असतं." मी म्हटलं, "बँकेनं हो म्हटलं असतं तर घ्या की. मामांनी हो म्हटलेलं नाही." माझा आवाज कापत होता. मला वाटलं, संध्याकाळी हिशोब करून घरी पाठवतील.

तसं काही झालं नाही. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामांचा फॉर्म सही करून ट्रेमध्ये होता आणि जुलैच्या चलनाचा चेकही. बाकीचे तीन महिने फेब्रुवारीपर्यंत एकेक करून भरले. दंडाची नोटीस बऱ्याच उशिरा आली, तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसे आले होते, भरून टाकला. मामांच्या मुलीचं लग्न मात्र सावकाराकडून पैसे उचलून झालं, कारण पीएफचे पैसे हळदीनंतर आठ दिवसांनी आले. पत्रिका माझ्याकडे होती. मी लग्नाला गेले नाही.

निवृत्त झाल्यावर, २०२२ च्या ऑक्टोबरात, त्याच सीएंचा फोन आला. म्हणाले, "ताई, तुमचं ते किल्लीचं सुप्रीम कोर्टानं सांगितलं बघा." चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यातला १२ ऑक्टोबरचा निकाल. विषय आयकराचा होता. आयकर कायद्यात गंमत अशी होती की कामगाराकडून कापलेला पीएफ आधी मालकाचं उत्पन्न धरला जातो. पीएफच्या मुदतीत तो भरला तरच त्याची वजावट तेव्हा मिळायची. एक दिवस उशीर झाला तर वजावट कायमची जायची, त्यावर मालकानं कर भरायचा. मालकाच्या स्वतःच्या हिश्श्याला ही कडक अट नव्हती, विवरणपत्राच्या तारखेच्या आत भरला तरी चालायचा. बऱ्याच कंपन्या म्हणत होत्या की दोन्हीला एकच सवलत द्या. कोर्टानं नाही म्हटलं. एक तुमचं देणं, दुसरा दुसऱ्याचा पैसा तुमच्याकडे ठेवलेला, दोन्हींचा स्वभाव वेगळा.

भाच्या, तुझ्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच. हात आखडला तर आधी काय थांबवायचं याची यादी करतोस ना, त्या यादीत कापलेला पैसा लिहायचाच नाही. आणि एखाद्या महिन्यात पगारातून कापायलाच विसरलास, तर पुढच्या महिन्यात दुप्पट कापून मोकळं होता येत नाही. तो तुझ्या खिशातून. खरोखरीची कारकुनी चूक असेल तर इन्स्पेक्टरची लेखी परवानगी काढावी लागते.

बेसिक कमी आणि भत्ते फुगवून पीएफ वाचवायची युक्तीही तुझा मित्र सांगेल. आमच्याकडे एका सल्लागारानं हजेरी भत्ता, धुलाई भत्ता, विशेष भत्ता अशी नावं काढून अर्धा पगार तिकडं ढकलायला सांगितला होता. फौंड्रीत धुलाई भत्ता! तिथला काळा रंग साबणानं जात नाही, कातडीबरोबर जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा बेसिकच. आणि आता श्रम संहितेत आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. तेव्हा ते सोड.

व्यवसाय कर लहान आहे, पण विसरला जातो. दहा हजारांवर पगार असला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे, २०२३ पासून. भाच्या, तुझ्या पॅकिंगमधल्या दोघींचा कापत असशील तर परत दे. हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला, दुष्काळाच्या मागोमाग. माझ्या वडिलांनी त्या दुष्काळात खडी फोडलेली. त्यामुळे फेब्रुवारीच्या जादा शंभरावर कुणी कुरकुर केली की मी त्याला ही गोष्ट ऐकवायचे, आणि मग तो दोनशेही मुकाट्यानं द्यायचा, गोष्ट थांबावी म्हणून.

मग टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा आयकर. तुझ्याकडे सध्या एका इंजिनियरलाच लागेल. वर्षाच्या सुरुवातीला त्याचं वर्षभराचं उत्पन्न अंदाजानं धरायचं, त्यावर कर काढायचा, बारानं भागायचा. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत भरायचा, मार्चचा फक्त ३० एप्रिलपर्यंत. दर तिमाहीला २४-क्यू हे कपातीचं विवरण भरायचं आणि १५ जूनच्या आत त्याच्या हातात फॉर्म १६, म्हणजे कर कापल्याचा दाखला, द्यायचा. पीएफसारखंच, हा पैसाही तुझा नाही. कापून भरला नाहीस तर महिन्याला दीड टक्का व्याज आणि वर तुरुंगाची तरतूद. विवरण उशिरा दिलंस तर दिवसाला २०० रुपये.

इथं नोकरी करणाऱ्यांनी कान द्या. माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत होती. जानेवारी ते मार्च टीडीएस कापला, आणि मग कंपनीनं शटर ओढलं. फॉर्म १६ नाहीच. विवरणपत्र भरायच्या वेळी तिनं २६-एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झालाय ते दाखवणारा आयकर खात्याचा उतारा, उघडलं तर त्या तिमाहीसमोर रिकामं. पगाराच्या कागदावर कपात आहे, सरकारकडे जमा नाही. काही दिवसांनी तिला मागणीची नोटीस आली, म्हणजे तोच कर पुन्हा भर. ती रडकुंडीला आली. आयकर कायद्याचं कलम २०५ आहे: ज्याच्या पगारातून कर कापला गेला त्याच्याकडून तो पुन्हा वसूल करता येत नाही, आणि २०१५ ला आयकर मंडळानं आपल्या अधिकाऱ्यांना तसं कळवलंही होतं. पण ती मागणी पोर्टलवर लटकत राहते, तिला आपणच उत्तर द्यावं लागतं. मुलीचं वाचलं ते एका फाईलमुळे. बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आणि बँकेचा उतारा, ज्यात कपात जाऊनची रक्कम दिसत होती. ती फाईल तिला मी लावायला लावली होती, तेव्हा ती माझ्यावर हसली होती. दर तीन महिन्यांनी २६-एएस बघा. वर्षाअखेर बघून उपयोग नाही, तोपर्यंत शटर पडलेलं असतं.

नोकरदाराचीही जबाबदारी असते, ती कुणी घेत नाही. एक पोरगा आमच्याकडे ऑक्टोबरात लागला. आधीच्या सहा महिन्यांचा पगार सांगितलाच नाही. मी आमच्या सहा महिन्यांपुरताच अंदाज धरला, कर जवळजवळ शून्य आला, तो खूश. जुलैत दोन्ही पगार एकत्र झाले, सूट मात्र एकदाच, आणि कर वर व्याज. माझ्याशी भांडायला आला. मी त्याला रुजू होतानाचा कोरा ठेवलेला रकाना दाखवला.

आणि फेब्रुवारीतले घरभाड्याचे पुरावे. एका जावयानं घरमालक म्हणून सासऱ्याची सही आणली. सासरे आमच्याच कोअर शॉपमधून रिटायर झालेले, त्यांची सही मी वीस वर्षं पगारपत्रकावर बघितलेली. ठीक आहे, सासऱ्याला भाडं देणं गुन्हा नाही. पण त्याच फाईलमध्ये खाली त्यानं घरकर्जाचं व्याजही दाखवलं होतं, आणि घराचा पत्ता तोच. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याच्याकडे बघत बसले. शेवटी तोच म्हणाला, "ताई, एक कुठलंतरी धरा." पुरावे घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, नुसतं जाहीर केलं म्हणून धरायचं नाही. आता नव्या करप्रणालीत हे सगळं गळालंय, पीएफच्या स्वतःच्या हिश्श्याचीही वजावट नाही. मालकाच्या बारा टक्क्यांवर मात्र कर लागत नाही, ते तसंच आहे.

शेवटचं, आणि हे मला लिहायला जड जातंय, कारण चूक माझी होती.

२०१८ ला आमचा एक मोल्डर गेला. घरीच, झोपेत, वय ४१. बायको, दोन मुलं. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ, तिन्ही मी स्वतः भरले. विधवेला पेन्शन मिळायला दहा वर्षांची अट नाही, नोकरीत असताना गेला तर एक महिन्याची भरणा असली तरी पुरते. दोन मुलांना पंचवीसपर्यंत वेगळी. विम्याचा एक पैसा कामगाराकडून कापलेला नसतो, म्हणून बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, सगळं होईल.

दावा परत आला. नोंदीत त्याचं नाव वेगळं. सगळे त्याला ज्या नावानं हाक मारायचे तेच मस्टरवर होतं, आणि तेच मी २००४ ला उचलून फॉर्मवर लिहिलं होतं. आधार कार्डावर, मृत्यूच्या दाखल्यावर शाळेतलं नाव. वर वारस म्हणून आई. ते नाव त्यानं लग्नाच्या आधी दिलेलं. लग्न झालं की आधीचं नामनिर्देशन आपोआप रद्द होतं, नवीन द्यावं लागतं. त्यानं दिलं नव्हतं. मी त्याच्या लग्नात जेवले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला वारसाचं नाव लिहायचा फॉर्म २ दिला नव्हता.

पैसे मिळाले. बुडाले नाहीत. पण प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, संयुक्त अर्ज, सासूची संमती असं करत आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ती बाई पोरांना घेऊन माहेरी गेली, थोरल्याची शाळा तुटली. कोणी मला दोष दिला नाही. त्यांना माहीतच नव्हतं कुणाला द्यायचा.

त्यानंतर मी टाईम ऑफिसच्या खिडकीत एक वही ठेवली. लग्न झालं, बारसं झालं, कुणी पेढे घेऊन आलं की आधी वहीत सही, मग पेढा. पोरं हसायची. तीन वर्षांत सगळ्यांची नावं, जन्मतारखा आधारशी जुळवून घेतल्या, मला धरून. माझ्या स्वतःच्या नोंदीत माहेरचं आडनाव होतं.

भाच्यानं शेवटी दोन्ही पोरं स्वतःच्याच मस्टरवर घेतली. पीएफचा कोड काढला. आज रात्री, चौदा तारखेला साडेनऊ वाजता, त्यानं पहिल्या चलनाचा फोटो पाठवला आणि खाली हात जोडल्याचं चित्र. मी चष्मा लावून सगळ्या ओळी तपासल्या. बेरीज बरोबर होती. पेन्शनचे आकडे बरोबर होते. मग म्हटलं, माणसांची यादी पण पाठव. सातव्या ओळीत एक नाव होतं, "पप्पू".

मी लगेच फोन लावला. त्यानं उचलला नाही, झोपला असेल. सकाळी आठला परत लावते.